ओमानचा प्रवास कसा आखावा: वाळवंट, डोंगर आणि किनारा यांची सांगड

आखातात फिरायला जायचे म्हटले की आपल्याकडे पहिले नाव दुबईचे निघते, आणि ओमानचा विचार बहुधा दुबई पाहून झाल्यावर सुरू होतो. त्यामुळे ओमानची सहलही दुबईसारखीच, म्हणजे एका शहरात मुक्काम आणि तिथून रोज थोडेफार फिरणे अशी आखली जाते. असे केल्यास मस्कतखेरीज हाती फारसे काही लागत नाही. ओमानचे क्षेत्रफळ सुमारे 3,09,500 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे. लोकसंख्या मात्र अर्ध्या कोटीच्या आसपास. पाहण्यासारखे जे आहे ते या विस्तारात लांब लांब विखुरलेले असून मधल्या पट्ट्यात कित्येकदा पेट्रोल पंप आणि चहाची टपरी यापलीकडे काही नसते. म्हणून या देशाचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू करू नये. आधी ऋतू ठरवावा, मग वाहन, मग वार आणि अंतरे जुळवावीत; स्थळांची निवड त्या ओघात आपोआप होते. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि स्वतः आखणी करू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हाच क्रम पुढे धरला आहे.

पहिली पायरी: महिना ठरवणे

मराठी घरातले सहलीचे वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्यांवर चालते, आणि ओमानच्या बाबतीत इथेच पहिली अडचण येते. मे महिन्याची सुट्टी या देशासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहे. मे-जूनमध्ये मस्कतचे तापमान 45 अंशांच्या घरात जाऊ शकते आणि किनाऱ्यावरच्या दमटपणामुळे रात्रही दिलासा देत नाही. मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरय्यात या किनारी गावात 26 जून 2018 रोजी चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान 42.6 अंश नोंदले गेले होते. कमाल नव्हे, किमान! अशा हवेत किल्ला चढणे, दरीतून चालणे किंवा वाळूवर अनवाणी उभे राहणे यांतले काहीच जमत नाही आणि सगळी सहल वातानुकूलित खोल्यांत संपते. मे महिन्यात मिळणारी स्वस्त विमान-तिकिटे आणि निम्म्या दरातली हॉटेले पाहून मोह झाला, तरी तो आवरावा.

दिवाळीची सुट्टी, विशेषतः ती नोव्हेंबरात येत असेल तर, उत्तम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उकाडा अजून रेंगाळत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने निर्धास्तपणे निवडावेत. डिसेंबर-जानेवारीत किनारा सुखद असतो, वाळवंटातल्या रात्री गार होतात, आणि डोंगरमाथ्यावर तर चांगलीच थंडी पडते. त्यामुळे 'वाळवंटात जातोय' म्हणून स्वेटर घरी ठेवून जाऊ नये. मार्चअखेर ते एप्रिल या काळात जबल अखदर डोंगरावर गुलाब फुलतात आणि त्यांच्यापासून गुलाबपाणी काढण्याचे काम गावांत चालते. ते पाहायचे असेल तर मस्कतचा वाढता उन्हाळा थोडा सोसावा लागतो.

तारखा पक्क्या करण्याआधी रमजान कधी आहे ते पाहावे. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो नेमका हिवाळ्याच्या शेवटी येत आहे. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे परधर्मीयांनाही निषिद्ध असते, बहुतेक उपाहारगृहे सूर्यास्तापर्यंत बंद असतात आणि कार्यालयांच्या व स्थळांच्या वेळा आखडतात. लहान मुले किंवा वेळेवर खावे लागणारी मधुमेही मंडळी बरोबर असतील तर हा महिना टाळावा.

राहिला प्रश्न सलालाचा. दक्षिणेकडचा हा भाग साधारण 21 जून ते 21 सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तडाख्यात येतो, धुके आणि रिमझिम पावसाने डोंगर हिरवे होतात, आणि तापमान पंचविशीच्या आसपास उतरते. याला तिथे खरीफ म्हणतात. आखातातली कुटुंबे हा हिरवा रंग पाहायला शेकडो किलोमीटरांवरून येतात आणि हॉटेलांचे भाव त्या काळात चढतात. अरबस्तानात हे दृश्य अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु ज्यांनी ताम्हिणी किंवा आंबोलीचा श्रावण पाहिला आहे त्यांनी केवळ पावसासाठी एवढा खर्च करावा, असे मला वाटत नाही. शिवाय त्या काळात समुद्र खवळलेला असल्याने किनाऱ्याचे सुख मिळत नाही. सलाला पाहायचेच तर हिवाळ्यात पाहावे: धूपाची झाडे, खोर रोरी आणि अल बलीद इथले प्राचीन बंदरांचे अवशेष, मुघसैलचा किनारा, रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणाऱ्या टपऱ्या. मस्कतपासून ते सुमारे 1,000 किलोमीटरवर आहे, त्यामुळे आठवड्याच्या सहलीत ते कोंबू नये. वेगळे दोन-तीन दिवस असतील तरच देशांतर्गत विमानाने जावे.

दुसरी पायरी: व्हिसा, कागदपत्रे आणि बॅगेत काय नसावे

भारतीय पारपत्रधारकांसाठी पर्यटन व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि तो रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरूनच काढावा. नावात 'ओमान व्हिसा' असलेली अनेक खाजगी संकेतस्थळे अवाच्या सवा शुल्क घेतात, तेव्हा पत्ता नीट तपासावा. दहा दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन प्रकार पर्यटकाच्या कामाचे आहेत. त्यांचे शुल्क अनुक्रमे 5 आणि 20 रियाल असे चालत आले आहे, पण अर्ज करताना पडद्यावर दिसेल तोच आकडा खरा मानावा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, शेंगेन गट अशा ठिकाणचा वैध व्हिसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी वेगळ्या सवलती आहेत. त्या आपल्याला लागू होतात का, हे त्याच संकेतस्थळावर पाहावे. पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि प्रवास विमा यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. त्यासाठी वैध भारतीय परवाना, पारपत्र आणि व्हिसा लागतो, म्हणजेच व्हिसा हाती येताच हे काम सुरू करावे, निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. तिथे गेल्यावर मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही दाखवता आले पाहिजेत.

आता बॅगेविषयी. मराठी घरातून परदेशी निघालेल्या बॅगेत फराळाचा डबा असतोच, आणि दिवाळीच्या सुमारास त्यात अनारसे असतात. अनारशांवरची खसखस, करंजीच्या सारणातली खसखस आणि मसाल्याच्या पुडीतली खसखस या तिन्ही गोष्टी घरीच ठेवाव्यात. खसखस अफूच्या बोंडातून निघत असल्याने संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियासारख्या आखाती देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि विमान बदलण्यासाठी यांपैकी एखाद्या विमानतळावर उतरावे लागले तरी त्रास होऊ शकतो. औषधांचेही तसेच आहे. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे नेणे अपरिहार्य असेल तर मूळ वेष्टनात, प्रवासाच्या दिवसांपुरती आणि डॉक्टरांच्या छापील चिठ्ठीसह न्यावीत. ड्रोन उडवायला पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर तो नेऊच नये.

एक छोटी पण हमखास विसरली जाणारी वस्तू म्हणजे प्लगचे अडॅप्टर. ओमानमध्ये ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात, त्यात आपली गोल पिन नीट बसत नाही. दोन अडॅप्टर आणि एक घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेल्यास सगळ्या कुटुंबाचे फोन रात्री एकाच वेळी चार्ज होतात.

तिसरी पायरी: पैशाचा अंदाज

ओमानी रियाल हे जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी एक आहे. 1973 पासून तो अमेरिकी डॉलरला बांधलेला असून 1986 पासूनच्या दराने एका रियालला सुमारे 2.60 डॉलर पडतात. रुपयांत हा आकडा दोनशेच्या बराच वर जातो. (गंमत म्हणजे 1970 पर्यंत ओमानात आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपया चालत असे.) एका रियालचे 1,000 बैसे होतात, त्यामुळे किमती दशांश चिन्हापुढे तीन आकडे देऊन लिहिलेल्या असतात. बिलावर 2.350 दिसले तर ते 2 रियाल 350 बैसे. दोन हजार तीनशे पन्नास नव्हे. नवख्या माणसाची फसगत मात्र उलट्या दिशेने होते: '5 रियाल' हा आकडा ऐकायला इतका लहान वाटतो की आपण हजारभर रुपये देतो आहोत हे लक्षातच येत नाही. पहिले दोन दिवस तरी प्रत्येक किंमत रुपयांत करून पाहण्याची सवय ठेवावी.

मस्कत आणि मोठ्या गावांत कार्ड चालते. वाटेवरची चहाची दुकाने, वादी शाब या दरीतली होडी, बाजारातले किरकोळ विक्रेते यांच्यासाठी सुटे रियाल आणि बैशांच्या नोटा जवळ असाव्यात. गाडी भाड्याने घेताना अनामत रक्कम अडकवून ठेवण्यासाठी बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा प्रीपेड कार्डावर काम अडते, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावे.

खर्चाचा मोठा वाटा मुक्काम, गाडी आणि वाळवंटातला कॅम्प यांत जातो. खाणे स्वस्तात होऊ शकते आणि पेट्रोल आपल्यापेक्षा बरेच स्वस्त आहे. म्हणूनच चार-पाच जणांच्या कुटुंबाला गाडी घेऊन फिरणे रोजच्या टॅक्सीपेक्षा परवडते.

चौथी पायरी: वाहन

मस्कत ते निझवा, मस्कत ते सूर, मस्कत ते सलाला अशा मार्गांवर मुवासलात या सरकारी कंपनीच्या बसगाड्या आहेत, आणि मस्कतमध्ये ॲपवरून टॅक्सी मिळते. एवढ्यावर शहरे पाहून होतात. दऱ्या, किल्ले, डोंगरगावे आणि किनाऱ्याचे एकाकी तुकडे मात्र बसच्या थांब्यापासून दूर असतात, म्हणून स्वतः चालवणे किंवा चालकासह गाडी ठरवणे याला पर्याय नाही.

साधी कार घ्यावी की फोर व्हील ड्राइव्ह, हा नेहमीचा प्रश्न आहे. मस्कत, सूर, वादी शाब, वादी बनी खालिद, निझवा, बहला, जब्रीन या सगळ्या ठिकाणी उत्तम डांबरी रस्त्याने साधी कार जाते. तीन ठिकाणे वेगळी आहेत. जबल अखदरच्या चढावर बिरकत अल मौझ इथे पोलिसांची चौकी असून फोर व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी तिथून परत पाठवली जाते. रस्ता पक्का असला तरी उतार तीव्र आहे आणि ब्रेक तापून झालेल्या अपघातांमुळे हा नियम आला आहे. जबल शम्स या डोंगराच्या वाटेवर खडीचा भाग लागतो. आणि वाळवंटात तर साध्या गाडीचा प्रश्नच नाही. सगळ्या सहलीसाठी मोठी गाडी घेण्यापेक्षा साधी कार घेऊन डोंगरासाठी एका दिवसापुरती स्थानिक चालकासह जीप ठरवणे, आणि वाळवंटात कॅम्पवाल्यांच्याच गाडीने जाणे, हा मार्ग नवख्यांसाठी अधिक स्वस्त आणि अधिक सुरक्षित आहे.

गाडी उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे असते. महामार्गावर सवय लवकर होते. चूक होते ती पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा रिकाम्या गल्लीत वळताना, जिथे समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावी बाजू धरतात. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर मोठ्याने 'उजवीकडे' म्हणावे, यात लाजण्यासारखे काही नाही. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीचा पहिला हक्क असतो आणि तो खरोखरच पाळला जातो. मोठ्या महामार्गांवर वेगमर्यादा बहुधा 120 किलोमीटर असते, कॅमेरे जागोजागी आहेत, आणि दंड भाड्याच्या कंपनीमार्फत नंतर आपल्या कार्डावर येतो. अनेक गाड्यांत 120 ओलांडताच बारीक घंटी वाजू लागते. ती वाजली की पाय सैल करावा. रात्री गावाबाहेर, विशेषतः दक्षिणेत, उंट रस्त्यावर येतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचायचे असा नियम केल्यास हा धोका उरत नाही, आणि हिवाळ्यात संध्याकाळी सहाच्या आत अंधार पडत असल्याने दिवसाची आखणीही त्यानुसारच करावी लागते.

पाचवी पायरी: वार जुळवणे

ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. शुक्रवारी दुपारपर्यंत बहुतेक दुकाने बंद असतात. इतर दिवशीही पारंपरिक बाजार दुपारी एकच्या सुमारास मिटतात ते चार-पाचला पुन्हा उघडतात. भर दुपारी मस्कतमधल्या मुत्रा भागातल्या बाजारात गेल्यास बंद दारे पाहावी लागतात. मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद परधर्मीयांसाठी शनिवार ते गुरुवार सकाळी साधारण 8 ते 11 एवढीच उघडी असते. सिनाव गावचा बाजार गुरुवारी भरतो, निझवाचा गुरांचा बाजार शुक्रवारी सकाळी. हे चार-पाच वार एकमेकांशी जुळवले की आठ दिवसांच्या सहलीचा सांगाडा तयार होतो, आणि तो रविवारी मस्कतला उतरूनच नीट बसतो.

रविवार आणि सोमवार मस्कत. मुंबईहून थेट विमानाने जेमतेम तीन तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे करावे लागते, त्यामुळे सकाळच्या विमानाने निघाल्यास संध्याकाळ मुत्राच्या किनाऱ्यावर घालवता येते. शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबच लांब पसरले आहे. विमानतळ एका टोकाला आणि जुने मस्कत दुसऱ्या टोकाला, म्हणून हॉटेल निवडताना नकाशा पाहावा. रुवी भागात भारतीय वस्ती मोठी आहे, शाकाहारी जेवण सहज मिळते आणि मुत्रा जवळ पडते. सोमवारी सकाळी आठलाच मशिदीत पोहोचावे. 2001 मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या मुख्य दालनातला गालिचा सुमारे 70 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद असून तो इराणी विणकर स्त्रियांनी विणला आहे. स्त्रियांनी केस, हात आणि पाय पूर्ण झाकावेत. ओढणी सैल बांधली तर प्रवेशद्वारावर ती नीट करायला सांगतात. पुरुषांनी फुल पँट घालावी. नंतर राष्ट्रीय संग्रहालय आणि बाहेरून अल आलम राजवाडा पाहावा. राजवाड्याच्या परिसरातच जुने शिवमंदिर आहे, मस्कतला पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या गुजराती कुटुंबांचा वारसा.

मंगळवारी किनाऱ्याने सूरकडे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, रस्ता एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला निळा समुद्र असा. वाटेत बिम्मा इथला खोल नैसर्गिक खड्डा, त्यात हिरवट पाणी. इथे अर्धा-पाऊण तास पुरतो. खरा वेळ वादी शाबला द्यावा. तिवी गावाजवळ महामार्गाच्या पुलाखाली गाडी लावायची, छोट्या होडीने पाणी ओलांडायचे आणि मग उंच कड्यांमधून, खजुरांच्या बागांच्या कडेने पाऊण तास चालायचे. शेवटी डोह सुरू होतात आणि पुढचा मार्ग पोहूनच जातो. अगदी टोकाला एका अरुंद फटीतून आत गेल्यावर गुहेत कोसळणारा धबधबा आहे. पोहता न येणाऱ्याने पहिल्या डोहापाशीच थांबावे. चालायचा दगड गुळगुळीत असतो, त्यामुळे चपला नकोत, पाण्यात चालतील असे बूट हवेत. हे सगळे करून उन्हे कलण्याआधी बाहेर पडायचे, तर सकाळी सातच्या सुमारास मस्कत सोडावे लागते.

त्या रात्रीचा मुक्काम रस अल जिन्झला ठेवावा. हिरवी समुद्री कासवे या किनाऱ्यावर वर्षभर अंडी घालायला येतात. उन्हाळ्यात संख्या जास्त असते, हिवाळ्यात कमी. रात्री आणि पहाटे मार्गदर्शकासोबत छोट्या गटांना नेतात, नोंदणी आधी करावी लागते, आणि कासव दिसेलच असे नाही. फ्लॅश किंवा टॉर्च लावल्यास कासव अंडी न घालताच समुद्रात परततात, म्हणून मुलांना हे आधीच समजावून ठेवावे.

बुधवारी सूरचे जहाज बांधण्याचे आवार पाहून निघावे. इथली लाकडी गलबते शतकानुशतके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेल्या सागाची बनत आली आहेत. दुपारी वादी बनी खालिद, जिथे डोह उथळ आणि पोहोचायला सोपे आहेत. वादी शाब ज्यांना झेपली नाही अशा आजी-आजोबांची भरपाई इथे होते. तिथून बिदियाला यायचे. बिदिया हे वाहिबा वाळवंटाचे दार आहे. सुमारे 180 किलोमीटर लांब आणि 80 किलोमीटर रुंद अशा या वाळूच्या समुद्रात कॅम्प बरेच आत असतात, आणि कॅम्पवाले ठरलेल्या वेळी गावातल्या पेट्रोल पंपावरून आपल्याला घेऊन जातात. सोबतचा चालक वाळूत शिरण्याआधी उतरतो आणि चारही चाकांतली निम्मी हवा सोडतो. टायर पसरट होऊन वाळूवर बसतो, रुतत नाही. एकट्या गाडीने, ओळखीच्या वाटेवरदेखील, आत जाऊ नये. कॅम्प निवडताना स्वच्छतागृह स्वतंत्र आहे का, आणि शाकाहारी जेवण किती पदार्थांचे आहे हे दोन प्रश्न आधी विचारावेत. 'हो, आहे' एवढ्या उत्तरावर भागवू नये, कारण कधीकधी त्याचा अर्थ पांढरा भात आणि काकडी एवढाच निघतो.

गुरुवारी सकाळी वाळवंटातून थेट सिनावला. इथे वाळवंटातल्या भटक्या बदू जमातीच्या स्त्रिया चेहऱ्यावर पारंपरिक बुरखा घालून स्वतः सौदे करताना दिसतात. त्यांची छायाचित्रे न विचारता अजिबात काढू नयेत. दुपारनंतर निझवा. शुक्रवारी पहाटे उठणे भाग आहे, कारण बाजार सात-साडेसातला रंगात येतो. मालक बोकडाची दोरी धरून रिंगणात गोल फिरत राहतो, बसलेला गिऱ्हाईक हात करून थांबवतो, दात आणि पाठ चाचपतो, भाव बोलला जातो, पटला नाही तर दोरी पुन्हा फिरू लागते. नऊपर्यंत सगळे आटोपते. मग शेजारीच असलेला सतराव्या शतकातला गोल बुरुजाचा किल्ला पाहावा. आत शिरणाऱ्या शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतण्यासाठी जिन्याच्या वर ठेवलेली भोके दाखवतात. आपल्या गडकोटांवर वाढलेल्या मुलांना यापेक्षा अधिक काही सांगावे लागत नाही. दुपारी बहलाचा मातीचा किल्ला (1987 पासून जागतिक वारसा) आणि जब्रीनची रंगवलेली छते. निझवाजवळच फलज दारिस वाहतो. डोंगराखालचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शेतापर्यंत नेणाऱ्या या पाटांपैकी पाच पाट 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

शनिवारी जबल अखदर किंवा जबल शम्स, दोन्हींपैकी एकच. लहान मुले असतील तर अखदरची पायऱ्यांची शेती आणि गावे. दरीच्या काठावर उभे राहण्याची हौस असेल तर शम्स. रविवारी दीडशे-एकशे साठ किलोमीटर उतरून मस्कत आणि संध्याकाळचे विमान.

दऱ्यांतला पूर

या देशात पर्यटकाच्या जिवाला खरा धोका उष्णतेखालोखाल पुराचा आहे. वादी म्हणजे एरवी बहुधा कोरडे असणारे नदीपात्र. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाण्याची भिंत येते. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. म्हणून निघण्याआधी हवामानाचा अंदाज पाहावा, डोंगरावर काळे ढग दिसले तर वादीत उतरू नये, आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ वाटले तरी गाडी घालू नये. रस्त्याकडेला लाल-पांढरे खांब पाण्याची खोली दाखवण्यासाठी असतात. स्थानिक माणूस थांबला असेल तर आपणही थांबावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक 9999 आहे.

जेवण, फोन आणि वागणे

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, मात्र रुवी सोडल्यावर अपेक्षा बदलाव्या लागतात. रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांना तिथे 'कॉफी शॉप' म्हणतात आणि ती बहुतेक केरळी मंडळी चालवतात. परोटा, डाळ, ऑम्लेट आणि घट्ट गोड कडक चहा तिथे कुठेही मिळतो, हिंदीत बोललेले समजते. हमूस, फलाफल, खुबूस रोटी हा दुसरा आधार. मांसाहारींनी निखाऱ्यावरचे मिश्काक आणि जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजवलेले शुवा चुकवू नये. कुणी खजूर आणि वेलचीचा काहवा (अरबी कॉफी) पुढे केला तर तो उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाले की छोटा पेला हलवून परत द्यावा, नाहीतर यजमान भरतच राहतो.

विमानतळावरच पारपत्र दाखवून सिम कार्ड घ्यावे. व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि छायाचित्रे व्यवस्थित जातात, पण त्यावरून कॉल लागेलच असा भरवसा धरू नये; घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे फोन आला नाही म्हणून काळजी लागत नाही. कपड्यांच्या बाबतीत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत हा सोपा नियम आहे, आणि तो वादीतल्या डोहांनाही लागू आहे: पोहताना टी-शर्ट आणि लांब चड्डी. दारू परवाना असलेल्या हॉटेलांतच मिळते. उघड्यावर पिणे गुन्हा आहे. अधिकारी, लष्करी ठाणी आणि अनोळखी स्त्रिया यांच्याकडे कॅमेरा वळवू नये.

खरेदी शेवटच्या दुपारसाठी न ठेवता निझवातच उरकावी. धूप घ्यायचा असेल तर हिरवट झाक असलेले पारदर्शक, मोठे खडे सर्वोत्तम मानतात, त्यांना होजारी म्हणतात. पिवळसर चुरा स्वस्त असतो आणि घरी रोज जाळण्यासाठी पुरतो. खंजर घेतला तर तो चेक-इन बॅगेतच जायला हवा, हातातल्या पिशवीत तो सापडला की सुरक्षा तपासणीत काढून घेतात. उरलेले रियाल मस्कतमध्येच बदलावेत, कारण भारतात त्यांचा भाव पडून मिळतो, आणि बैशांची नाणी तर कुणीच घेत नाही. ती विमानतळावरच्या शेवटच्या चहाला उपयोगी पडतात.